जाड पाठीचे काकाजी

काटोलच्या आठवडी बाजारात लोहाराच्या पालासमोर उकिडवं बसून कुणी विळ्याच्या पाठीला व्हर्नियर लावताना दिसलं, की ते आमचे काकाजी समजावेत. बाकीचे धार पाहतात, काकाजी पाठ पाहतात. "धार काय, कोनीबी लावते. पाठ पायजे भाऊ, पाठ!" 3 मिलिमीटरच्या आत भरलेली वस्तू ते दोन बोटांनी उचलून परत ठेवतात. "पतरा हाय."

हाच नियम ते सगळीकडे लावतात. नव्या पुलाचा स्लॅब असो, पोळ्याची पुरणपोळी असो, की पुतणीला पाहायला आलेला मुलगा. "शिकला हाय, पन पातळ वाटते."

त्यांचे आजोबा शिकारी. शिकार 1972 च्या कायद्यानं बंद झाली, पण काकाजींच्या मनातला सुरा काही म्यान झाला नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा आणून लोहारापुढे टाकला. "हा वाकते, पन मोडत नाही." खिशात लोहचुंबक होतंच. तापल्या लोखंडाला चुंबक चिकटेनासं झालं, म्हणजे 770 अंशांच्या आसपास गेलं. अजून जरासं तापव, मग तेलात बुडव. पाण्यात नको, तडकते. नंतर पुन्हा मंद आचेवर पिवळसर झाक येईस्तोवर धर, नाहीतर पहिल्याच घावाला तुकडा उडते. ज्याच्या पिढ्या ऐरणीपुढे गेल्या, त्याला काकाजी हे शिकवत होते. तो बिचारा "हो काकाजी" म्हणत घण मारत राहिला. पाठ 8 मिलिमीटर हवी म्हटल्यावर मात्र त्याचा हात थांबला. "काकाजी, सुरा पायजे का कुऱ्हाड?"

लांबी साडेआठ इंचच. पातं 9 इंचांपुढे गेलं, किंवा 2 इंचांहून रुंद झालं, तर ते शस्त्र कायद्याखाली येतं; सूट शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना. "कायद्यात रायलं पायजे," काकाजी म्हणाले.

सुरा झाला. बाभळीच्या खोडावर घावावर घाव घालून काकाजींनी धार सगळ्या आळीला दाखवली. एकही दाता पडला नव्हता. अडचण पुढे आली. काटोलात कापायचं काय? संत्रं सोलायला नखं पुरतात. बागेतली सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढायला म्हणून ते सुरा घेऊन गेले, तर जाड पातं पाचरीसारखं घुसलं आणि फांदी उभी फाटली. मुलानं मुकाट्यानं आरी काढली, आणि फांदीच्या जखमेला लावायला बोर्डो पेस्टचा डबाही.

मग पाहुण्यांसमोर टरबूज आलं. सुरा निम्म्यावर जाण्याआधीच टरबूज तडकलं, आणि अर्धं व्याह्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर. काकू आतून पावशी, म्हणजे विळी, घेऊन आल्या. माहेरहून आलेली, घासून घासून पात्याची नुसती कोर उरलेली. त्यांनी उरलेल्या अर्ध्याच्या फोडी सरसर केल्या, एकीचीही कड न चेंदता.

पाहुणे गेल्यावर काकाजींनी पावशीला व्हर्नियर लावला. दीड मिलिमीटर. चष्मा पुसून पुन्हा लावला. तेवढंच. मग त्यांनी निकाल दिला.

"जुनं लोखंड हाय हे. याची पाठ अंदरून जाड रायते."