आभासी खाडीत उतरण्यापूर्वी

दिवाळी अंकासाठी आभासी खेळावर विज्ञानकथा लिहू इच्छिणाऱ्या होतकरूंना पुढील सूचना देण्यात येत आहेत. सूचना सर्वांसाठी असल्या तरी रोख माझ्या भाच्यावर आहे. तो पेणला राहतो, कॉलेजात त्याचं नाव आहे, डोळ्यांवर काळा डबा चढवून पडवीत हवेत तलवार फिरवतो आणि डबा चार्जिंगला लावला की विज्ञानकथा लिहितो. त्याला पहिल्यांदा त्या रूपात बघून आजी म्हणाली होती, "बाला, डोल्यांना काय झाला?" त्याची कथा वाचून मीही तेच विचारलं.

नियम १ : नायक कुठे राहतो ते आधी ठरवावे.

भाच्याचा आर्यन २०८५ साली निओ-मुंबईत एकशे चाळिसाव्या मजल्यावर राहतो. बाहेर आम्लाचा पाऊस, निऑनच्या पाट्या, आईबाप अपघातात गेलेले. हा मुलगा मी ओळखतो. तो इंग्रजी सिनेमातून उतरतो, वाटेत नाव बदलतो आणि थेट मराठी दिवाळी अंकात शिरतो. त्याला पकडून धरमतरला आणावा. वडखळवरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की डोलवीचा पोलाद कारखाना लागतो, मग अंबा नदीवरचा पूल, खाली खाडीत कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या बार्ज. रात्री कारखान्याचा उजेड पाण्यात उतरतो. झगमगाट हवाच असेल तर तो इथे आहे, फुकट आहे. आईबापही जिवंत ठेवावेत. नायक राक्षसाच्या गळ्याशी पोचलाय आणि आतून आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारतेय, यापेक्षा मोठा ताण कुठल्याही खेळात नाही.

नियम २ : हे आपल्यालाच प्रथम सुचले असे समजू नये.

स्टॅन्ली वाइनबॉम या अमेरिकन लेखकाने १९३५ सालीच 'पिग्मॅलियन्स स्पेक्टॅकल्स' या कथेत असा चष्मा लिहून ठेवला आहे. तो घातला की गोष्ट दिसते, ऐकू येते, तिचा वास, चव, स्पर्शसुद्धा कळतो. विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' १९८४ची. नील स्टीव्हनसनची 'स्नो क्रॅश' १९९२ची. 'मेटाव्हर्स' हा शब्द तिच्यातून निघाला आणि २०२१ साली फेसबुकच्या कंपनीने त्यातलं पहिलं अर्धं उचलून स्वतःचं बारसं केलं. अर्न्स्ट क्लाइनची 'रेडी प्लेअर वन' २०११ची, स्पीलबर्गचा सिनेमा २०१८चा. यंत्राचं म्हणाल तर आयव्हन सदरलंड यांनी १९६८ सालीच डोक्यावर चढवायचा पडदा बनवला होता. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. आढ्याला टांगलेला भाचा मी क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहिला. बरं वाटलं.

घरचं उदाहरण शास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांचं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. नाव झाकून पाठवली तरी कथा उभी राहिली पाहिजे, एवढा बोध यातून घ्यायचा. भाच्याने फक्त टोपणनाव घेतलं.

नियम ३ : डॉक्टर ही उपाधी लावणारे पात्र एका कथेत एकच असावे, आणि त्याने व्याख्यान देऊ नये.

नियम ४ : नायकाला मळमळू द्यावे.

हा नियम मोडणारे लेखक भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये कधी बसलेले नसतात. पावसाळ्याच्या तोंडाशी लाँच हलायला लागली की खाली मान घालून मोबाइल बघणारा प्रवासी सर्वांत आधी हिरवा पडतो. त्याचे डोळे सांगत असतात की आपण स्थिर आहोत आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगत असतं की आपण चाललोय उलटेपालटे. दोघांचं भांडण पोटात उतरतं. डबा चढवल्यावर हेच भांडण उलट्या बाजूने होतं : डोळ्यांना वाटतं आपण धावतोय, कान म्हणतात, बाबा रे, तू पडवीत उभा आहेस. मान वळवली आणि चित्र वळायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त वेळ लागला, तरी पोट ढवळायला पुरे होतं. म्हणून चांगल्या डब्यात सेकंदाला नव्वद किंवा त्याहून जास्त चित्रं बदलतात.

यावर जाणकारांचा एक उपाय आहे, आणि तो कथेच्या फार उपयोगी पडेल. खेळाडूच्या भोवती एखादी न हलणारी चौकट दिली, म्हणजे गाडीची केबिन किंवा विमानातली बसायची जागा, तर त्रास कमी होतो. आर्यनला धावायला, उडायला लावण्यापेक्षा होडीत बसवा. काठ नजरेच्या कडेला राहील, पोट शांत राहील आणि धरमतरच्या खाडीत होडी हे वाहन शोभूनही दिसेल. लाँचमधला उपाय वेगळा, तोही सांगून ठेवतो : क्षितिजाकडे बघत राहायचं, आणि निघण्याआधी मिसळ खायची नाही.

नियम ५ : भरतीचे वेळापत्रक.

आभासी समुद्र लिहिणाऱ्या बहुतेकांचं पाणी एकाच उंचीवर उभं असतं. लाटा येतात, पाणी वाढत नाही. अशा समुद्राला आमच्याकडे तळं म्हणतात. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. तिची वेळ काढायला संगणक लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची : चतुर्थीला तीन वाजता भरलेलं पाणी, अष्टमीला सहा वाजता. खाडीत आत आलं की थोडं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाचं पाणी. आर्यन एकादशीच्या दुपारी दोन वाजता भरल्या खाडीत उडी मारतो, तेव्हा तो चिखलात पडतो. आणि धरमतरच्या चिखलात पडलेला माणूस तलवार काढत नाही. तो आधी चप्पल शोधतो.

हा चिखल लिहिता आला तर बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल. पाय टाकला की तो गुडघ्यापर्यंत घेतो, आणि परत देताना विचार करतो. वर निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, टणाटण उड्या मारतात, जवळ गेलं की बिळात. चिंबोरी बोटाला धरते तेव्हा कंपन देणारा हातमोजा कितीही महागाचा असो, तिची नक्कल करू शकत नाही. वासाबद्दल तर बोलूच नका. ओहोटीच्या वेळचा तो ओला, खारट, किंचित कुजका वास एखाद्या कंपनीला कुपीत भरता आला, तर मुंबईत स्थायिक झालेली अर्धी खारेपाटी, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, माणसं तो हप्त्याने विकत घेतील. मी पहिला.

नियम ६ : वीज जाते. कथेतही जाऊ द्यावी.

नियम ७ : चेहरे.

खेळात शिरताना प्रत्येक जण स्वतःचा पुतळा घडवतो. भाच्याने चार पानं नायकाच्या दंडांवर घालवली आहेत आणि डोळ्यांचं वर्णन 'निळे' एवढंच. राहतो पेणला! पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभर गणपतीच घडतात. साच्यातून मूर्ती कोणीही काढील, रंगाचा हात मुलंसुद्धा मारतात. डोळ्यांची आखणी मात्र जाणत्या कारागिराकडे जाते. तो बारीक कुंचला घेतो, श्वास धरतो, एक रेघ ओढतो, आणि इतका वेळ मातीचा असलेला गणपती एकदम आपल्याकडे बघायला लागतो. आभासी जगातल्या पुतळ्यांचं दुखणं नेमकं तिथे आहे. दंड सगळ्यांचे उत्तम, बघत कोणी नाही. खेळाच्या कंपनीने आखणीवाला नेमला आहे, एवढ्या एका कल्पनेवर स्वतंत्र कथा होईल. फुकट देतो आहे, घ्या.

नियम ८ : खेळात मेला की खराही मेला, ही युक्ती वापरू नये.

जपानच्या रेकी कावाहारा यांची 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'मध्ये ती वापरून झाली आहे. तिथे दहा हजार खेळाडू खेळात अडकतात. कथेतली तारीख ६ नोव्हेंबर २०२२ होती. तीही होऊन गेली.

नियम ९ : खलनायक, बक्षीस आणि शेवट.

इथे मात्र मला रागच येतो, म्हणून जरा सविस्तर. ऑनलाइन खेळ लाखो माणसं एकाच वेळी खेळतात, आणि त्यावरच्या कथेत जिंकतो एकटा. दुष्ट कंपनी, एक हुशार पोरगा, एक छुपी किल्ली, शेवटी मालकी त्या पोराकडे. म्हणजे खोत गेला, नवा खोत आला.

हा शब्द मी उगाच वापरला नाही. खेळ सुरू करण्यापूर्वी पन्नास पानांचा मजकूर येतो आणि खाली 'मान्य आहे' असं बटण असतं. भाचा ते न वाचता दाबतो. त्याने खेळात कमावलेलं सोनं, बांधलेला किल्ला, सगळं कंपनीचं. ती उद्या बंद झाली की मातीमोल. आमच्या खारेपाटात या बटणाला कबुलायत म्हणत. खोत ती लिहून घेई, कूळ अंगठा उठवी, आणि राबून काढलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. धरमतरचा पूल ओलांडून पोयनाडकडे गेलं की चरी गाव आहे. तिथे २७ ऑक्टोबर १९३३ला सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायचीच नाही. कसली नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, लाकूडफाटा विकून, मजुरी करून माणसं जगली, डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले. संप १९३९पर्यंत चालला. कुळकायद्याची वाट त्यातून निघाली.

आता हेच आभासी जगात घालून बघा. लाखो खेळाडू एका सकाळी आत येतात, आपापल्या जागी मांडी घालतात आणि खेळत नाहीत. तलवारी म्यानात. राक्षस येतो, गुरगुरतो, कोणी उठत नाही, कंटाळून परत जातो. बाजार बंद. कंपनी बक्षिसं दुप्पट करते, मग चौपट. काही फितूर होतात, कारण ते होतातच. रात्री उधाण येतं, बाहेरकाठ्याच्या बांधाला खांड जाते, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटतो, आणि संपावर असलेले सगळे तेवढ्यासाठी उठतात, कारण खारं पाणी शेतात शिरलं की पुढची काही वर्षं जमीन भात देत नाही, मग ती कोणाच्याही मालकीची असो. चिखल, भरती, बांध, माणसं, सगळं एका पानावर येतं. एकटा आर्यन कितीही उड्या मारो, त्याला हा बांध घालता यायचा नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण मग हिरो कोण?" यावर मी काय बोललो ते अंकात छापण्यासारखं नाही. तसा पोरगा गुणी आहे. दुसऱ्या दिवशी तिथीची पाऊणपट कशी करायची ते विचारायला आला होता.

किरकोळ सूचना : 'खरं जगसुद्धा एक खेळच निघतं' हा शेवट संपादकांकडे दरवर्षी येतो, तो करू नये. शब्दमर्यादा पाळावी. साहित्य पावसाळ्यातच पोचतं करावं. नवरात्रात पाठवलेली कथा पुढच्या दिवाळीला जाते. आणि लिहायला बसण्याआधी चरीला एकदा जाऊन यावं. पेणहून अलिबागची एसटी धरायची, पोयनाडला उतरायचं आणि तिथे कोणालाही विचारायचं.