रेंजबाहेरचे पाहुणे

माणसाला जगापासून तोडून ठेवायची आमच्या नगर जिल्ह्याला जुनी सवय आहे. ऑगस्ट १९४२मध्ये इंग्रज सरकारने नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव अशी काँग्रेस कार्यकारिणीची बारा माणसं उचलली आणि आमच्या भुईकोट किल्ल्यात आणून कोंडली. भेटीगाठी बंद, सुरुवातीला वर्तमानपत्रही बंद. नेहरूंनी तिथे बाग केली आणि १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. आझाद भल्या पहाटे उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करत आणि पोचणार नाहीत हे ठाऊक असलेली पत्रं मित्राला लिहीत. त्या पत्रांचं ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं. तुरुंग तो तुरुंग, त्याची थट्टा नको. पण मी सोसायटीच्या गळक्या गच्चीबद्दल साधा अर्ज लिहायला बसलो, तर दुसऱ्या ओळीला कुणीतरी शुभ सकाळचा गुलाब पाठवतं आणि अर्ज तिथेच संपतो.

किल्ल्यातल्यांना सक्ती होती. अरणगावच्या शिवारात, मेहेराबादला, मेहेरबाबांनी मात्र आपखुशीने १० जुलै १९२५ला बोलणं थांबवलं, ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत. मधली बरीच वर्षं ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून सांगत. १९५४ साली तीही पाटी बाजूला केली आणि नुसत्या खुणांवर आले. म्हणजे कीबोर्ड सोडून देणारा बहुधा पहिला माणूस आमच्याकडचा. त्यांचे भक्त अजून दर १० जुलैला मौन पाळतात. आमच्या घरात मौन रोजच असतं. चौघं चार कोपऱ्यांत, चार माना खाली. फक्त त्याचं पुण्य कुणाच्या खात्यात जमा होत नाही.

यावर उपाय काढला माझ्या मेहुण्याने. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, त्यामुळे संगणकापासून लांब कसं राहावं हे त्याला जास्त कळतं. ‘‘दाजी, शनिवार-रविवार भंडारदरा. फोन नाही, टीव्ही नाही. डिजिटल उपवास.’’ मला उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आठवते, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त खाणं. हा उपवासही त्याच जातीचा निघाला. आधी त्याने ‘शांतता’ नावाचा ग्रुप काढला. त्यावर पंधरा दिवस रात्री बारापर्यंत टिंगटिंग चालू होतं. तंबूवाल्याचे फोटो, तंबूवाल्याबद्दल लोकांची मतं, मतांवर आमची मतं. फोन न बघण्याच्या तयारीसाठी फोन इतका बघितला, की बायको म्हणाली, ‘‘अहो, यापेक्षा घरीच थांबलो असतो तर डोळ्यांना आराम पडला असता.’’

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने २०२२पासून हे काम फार स्वस्तात केलंय. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. आमच्या कॉलनीत असा भोंगा बसवला तर पहिल्याच संध्याकाळी निम्मे लोक त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवतील.

तर निघालो. राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले. राजूरला पेढे घेतले, गाडीतच संपवले आणि त्या रिकाम्या खोक्यात सगळ्यांचे फोन ठेवून मेहुण्याने वर रबर लावला. शेंडी सोडून रतनवाडीच्या रस्त्याला लागलो तशी रेंज तशीही गेली. त्यामुळे हा संयम आमचा की डोंगराचा, हा प्रश्न कुणी काढला नाही. एका बाजूला १९२६ साली पुरा झालेल्या विल्सन धरणाचं पाणी, दुसरीकडे रतनगड. आई मात्र कशाकडेच बघेना. तिची मालिका ऐन मोक्यावर आली होती. ‘‘आज तिला कळणार बघ, दागिने जावेने चोरलेत ते,’’ हे ती अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात, हात जोडलेले असताना म्हणाली. देवळाचं शिल्पकाम हजारेक वर्षं जुनं असल्याचं मी सांगितलं. तिला जावेचं प्रकरण जास्त तातडीचं वाटत होतं.

पैशांचा खोळंबा झाला तो निराळाच. चहाच्या टपरीवर मेहुण्याने सवयीने खिशात हात घातला आणि हात तसाच राहिला. फोन खोक्यात, फोनला रेंज नाही आणि त्याच्याकडे रोख एक दमडी नाही. महिन्याला लाखाच्या घरात पगार घेणाऱ्या त्या माणसाचा चहा आईने बटव्यातल्या चुरगळलेल्या नोटेने पाजला. नंतर दोन्ही दिवस आई खजिनदार होती आणि तिने कारभार कडक ठेवला. भजी एकदाच.

रात्री काजवे बघायला गेलो. पावसाच्या तोंडावर, मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला, या पट्ट्यात हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर उजेड करून मादीला निरोप धाडतो, ती जमलं तर उत्तर देते. थोडक्यात त्यांचाही सगळा वेळ मेसेज करण्यातच जातो, पण बिचाऱ्यांचं आयुष्य थोडं आणि कामही खरं आहे. म्हणून वनखातं सांगतं, बॅटरी लावू नका, फ्लॅश मारू नका, आपल्या उजेडात त्यांचे निरोप बुडतात. हे सांगणारा फलक अंधारात वाचता यावा म्हणून एका गृहस्थाने त्यावर मोबाइलची बॅटरी मारली. मागून दहा जण ‘‘लाइट बंद करा!’’ म्हणून ओरडले आणि तो कोण आहे ते बघायला आणखी चार बॅटऱ्या लागल्या. आम्ही पुढच्या वळणावर जाऊन उभे राहिलो. तिथे माणसं कमी होती. एक अख्खं झाड एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. त्या वेळात आईनेसुद्धा जावेचं नाव काढलं नाही.

सकाळी पेढ्यांच्या खोक्याला मुंग्या लागलेल्या. फोन झटकण्याच्या निमित्ताने सगळ्यांनी ते हातात घेतले, जरा जास्तच वेळ झटकले आणि गावात कुठे रेंज येते याची दबक्या आवाजात चौकशी सुरू झाली. ती येत होती, पण एकाच ठिकाणी. जिथे आम्ही जेवायला सांगितलं होतं त्या आजींच्या ओसरीवर, वाशाच्या खिळ्याला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीत आजींचा बटणांचा फोन. ‘‘हात लावायचा नाय. हालला की रेंज जाती. उभं ऱ्हाऊन, वर तोंड करून बोलायचं.’’

मेहुणा भाकरीचा पहिला तुकडा मोडून थांबला, ‘‘आलोच, एकच मिनिट’’ म्हणाला आणि आजींच्या परवानगीने नंबर दाबून स्पीकर लावून पिशवीखाली उभा राहिला. डिजिटल उपवासाचा जनक, डाव्या हातात नागलीची भाकरी, मान वर. पलीकडून साहेबांचा आवाज उतरला. काल पाठवायची फाइल कुठे आहे, फोन का लागत नाही, सुट्टी म्हणजे काय बेपत्ता व्हायचं का, सगळं. ओसरीवर आम्ही, शेजारची दोन पोरं आणि एक शेळी ऐकत होतो. मेहुणा ‘‘सर, सर’’ म्हणत होता आणि पिठलं गार होत होतं.

आजी चुलीपुढून उठल्या, पदराला हात पुसले आणि पिशवीखाली येऊन वर तोंड करून म्हणाल्या, ‘‘कोण हाय रं बाबा? पोरगं जेवाय बसलंय. उद्या कर.’’

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना. आम्हाला वाटलं, रेंज गेली. मग आवाज आला, ‘‘हो आजी.’’