चैत्रात आईकडे, मुलाकडे कधी?

"काय गं, कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी आल्या का चिपळूणहून?"

"आल्या की. काल गेटवरच गाठ पडली. हातावर पेढा ठेवला आणि अर्धा तास परशुराम ऐकवला. देऊळ किती शांत, घाटातून वाशिष्ठी कशी दिसते, सगळं. मी म्हटलं, आधी सांगा, त्या हायवेने कंबर जागेवर राहिली का?"

"बघ! अडीचशे किलोमीटर हाडं खिळखिळी करून गेली. आणि इथे तिसऱ्या स्टेशनाला परशुराम आहे, तो नाही दिसला तिला."

भाईंदरच्या मुर्ध्याला आमच्या दोन घरांमधली भिंत जेमतेम कमरेएवढी. तिच्यावर मावशींनी पातीची टोपली ठेवली की समजायचं, आता तासभर हलणार नाहीत. मावशी ख्रिस्ती, माहेर वसईतलं भुईगाव. पण निर्मळचा विषय निघाला की आमच्या भटजीबुवांनीही गप्प बसावं.

"नायगाव, वसई, नालासोपारा," मावशींनी बोटांवर मोजलं. "पश्चिमेला उतरायचं, रिक्षा करायची की आलं निर्मळ. विमलेश्वराचं देऊळ, जवळच तळं. विमलासुर नावाचा राक्षस होता म्हणतात, शंकराचा मोठा भक्त. परशुराम त्याचा हात तोडायचा, की परत हात उगवायचा."

"स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांसारखं. गाडी येऊन उचलून नेते, संध्याकाळी टोपल्या पुन्हा तिथेच."

"अगदी तस्संच! शेवटी मारला एकदाचा. पण तळ्याला नाव राहिलं ते राक्षसाचंच, विमल सरोवर. मारणाऱ्याचं नाही."

"आणि तुंगारेश्वर?"

"तेही परशुरामाचंच. डोंगरावर तप केलं म्हणतात, वर परशुराम कुंड आहे. पण तिथे चढायला गुडघे हवेत. शिवाय 2003 पासून ते अभयारण्य आहे, तुमच्यासारखा प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा जथा नेऊन चालणार नाही."

"मावशी, निर्मळला शंकराचार्यांची समाधी आहे ना? म्हणजे ते केरळातले, आद्य शंकराचार्य?"

"ते नव्हेत गं! सगळे इथेच गोंधळतात. हे त्यांच्या गादीवरचे, फार नंतरचे. त्यांच्याच पुण्यतिथीची तर जत्रा, कार्तिक वद्य एकादशीपासून."

मग गाडी इतिहासावर गेली. पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर शंकराजी केशव फडके सरसुभेदार झाले आणि त्यांनी निर्मळचं देऊळ पुन्हा उभं केलं. त्याच मोहिमेत आपल्या डोंगरीचा धारावी किल्लाही मराठ्यांनी घेतला होता. म्हणजे निर्मळच्या देवळाच्या गोष्टीत आपल्या उत्तन-डोंगरीचाही वाटा आहे, हे मात्र त्या चिपळूणवाल्या वहिनींना कोणी सांगितलं नसणार.

"आमचे पूर्वज पोर्तुगीजांच्याच काळात ख्रिस्ती झाले," मावशी म्हणाल्या. "पण म्हणून जत्रा सोडली की काय? माझा बाप रविवारी मिसा उरकायचा आणि तसाच आम्हा पोरांना घेऊन निर्मळला. पाळणे, बांगड्या, खाजं, सुकी मासळी आणि सुकेळी!"

सुकेळी म्हणताना त्यांनी डोळे मिटले. ती मीही एकदाच खाल्लीत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची. वर सुतळी. गाठ सोडली की आधी वास येतो, मग दाताला चिकटतात. मावशींच्या मते आता राजेळीच्या बागाच उरल्या नाहीत, त्यामुळे भाव विचारायचा नाही, नुसतं घ्यायचं.

"आणि ऐक," त्या पुढे झुकल्या. "सोपारा म्हणजे महाभारतातलं शूर्पारक. समुद्राने परशुरामाला दिलेली जमीन. तिथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, अशोकाचा लेखही सापडला. दुसरा तुकडा 1956 साली मिळाला, कुठे माहितेय? आमच्या भुईगावात!"

"तुमच्या माहेरी काय, सगळंच मिळतं."

"मस्करी नको. तू मला सांग, दर चैत्रात कार्ल्याला जाता ना तुम्ही?"

"जाणारच. एकवीरा आई आमची. सासूबाई होत्या तेव्हापासून एकदाही चुकलं नाही."

"ती एकवीरा म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? रेणुकामाता म्हणतात तिला."

"आणि रेणुकेचा मुलगा?"

मी गप्प.

"परशुराम!" मावशींनी पातीची जुडी भिंतीवर आपटली. "बँडबाजा लावून आईकडे जाता, कोंबडं नेता, साडी नेसवता. ती माउली मनात म्हणत असेल, अगं, माझा पोरगा तुमच्या खाडीपलीकडेच राहतो, जाताना-येताना त्याचीही चौकशी करा!"

"इतक्या वर्षांत आमच्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही हे."

"कसं येईल? वसई म्हटलं की तुम्हाला भाजी नाहीतर रिसॉर्ट आठवतं."

"बरं, या कार्तिकात जाऊ. एकादशीला नको, चेंगराचेंगरी असेल. दोन दिवसांनी. विरार गाडीत भाईंदरला चढायला मिळेल?"

"दुपारी मिळेल. मी तुझ्यासाठी जागा धरते, तू माझ्या पिशव्या धर."

"त्या वहिनींना विचारू का?"

"विचार की. पण म्हणावं, पेढे घरी ठेव, पिशवी रिकामी आण. सुक्या बोंबलांच्या शेजारी पेढे गेले तर मग चिपळूणचा परशुरामही वाचवणार नाही."