बाहेर किती?

(एकपात्री विनोदी प्रयोग)

स्थळ : भंडारा शहर. काळ : नवतपा, म्हणजे मे महिन्याची अखेर.
पात्र : एक निवृत्त गुरुजी. बाकी सगळ्यांचे आवाज तेच काढतात.
नेपथ्य : एक खुर्ची, एक टेबल. टेबलावर हातभर अंतरावरूनही वाचता येतील असे दोन आकडे दाखवणारं छोटं यंत्र.

(गुरुजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून येतात. दुपट्टा सोडतात, पिळतात, खुर्चीच्या पाठीवर वाळत घालतात.)

बसा जी, बसा. झाडीपट्टीतलं नाटक दिवाळी ते होळी चालते. रात्री पडदा वर जाते आणि कोंबडा आरवला की हिरो मरते. थंडीत. आमचे जुने लोक शहाणे होते. नवतप्यात नाटक ठेवायची अक्कल तुमच्याच मंडळाला सुचली.

(कान देऊन) कोण म्हणालं, "गरमी होऊन राहिली"? किती होऊन राहिली? आकडा सांगा ना! नुसती गरमी तर बैलालाही कळते. मला तर आता आकडा पाहिल्याशिवाय घामच येत नाही.

(यंत्र उचलून दाखवतात.) हे आमच्या पोरानं पुण्याहून पाठवलं. वायरलेस. वरचा आकडा बाहेरचा, खालचा आतला. बाहेर एक पांढरी डबी टांगायची, साबणाच्या वडीएवढी. तिच्यात दोन पेन्सिल सेल. ती डबी 433 मेगाहर्ट्झवर थोड्या थोड्या वेळानं आत निरोप पाठवते : "गुरुजी, बाहेर इतकं आहे." आपण इथं खुर्चीत. उठायचं काम नाही, दार उघडायचं काम नाही. मी तीस वर्षं वर्गात उभा राहून ओरडलो, एवढ्या निमूटपणे कोणी माहिती दिली नाही.

आई खाटेवरून पाहत होती.

(म्हातारीचा आवाज) "कायले आणलं रे हे?"

"आई, बाहेर किती गरमी आहे ते घरात बसून कळते."

"मंग घरात किती हाये थे बाहेर जाऊन पाहाचं का?"

मी उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाशी विज्ञानावर वाद घालायचा नसते.

डबी टांगली कंपाउंडच्या भिंतीवर, खिळ्याला. भर दुपार, समोरून ऊन. आत येऊन पाहतो तर... 53! (हात वर) त्रेपन्न अंश! अहो, 2013 साली 23 मे रोजी नागपूर 47.9 ला गेलं होतं, तर पेपरनं पहिल्या पानावर घेतलं. आणि आमच्या खिळ्यावर 53!

तुम्हाला आमचं दुःख माहीत नाही. पेशंट न्यायचा, नागपूर. लग्नाचा बस्ता, नागपूर. उन्हाची बातमी आली तरी "नागपूर तापलं", चंद्रपूर तापलं, ब्रह्मपुरी तापली, आणि भंडारा शेवटच्या ओळीत, "इत्यादी"च्या अलीकडं. घाम आम्हीही तेवढाच गाळतो ना बाप्पा!

मोहल्ला गोळा झाला. बाजूचे भाऊ तर यंत्रासोबत फोटो काढून गेले, स्टेटसला टाकला : "आपला भंडारा, 53". खाली लोकांनी हात जोडले, टाळ्या वाजवल्या, एकानं तर "अभिनंदन" लिहिलं.

तेवढ्यात पोराचा फोन.

"बाबा, डबी उन्हात टांगली का?"

"मग बाहेरचं तापमान काय कपाटात मोजू?"

"बाबा, तापमान हवेचं असतं, उन्हाचं नसतं. उन्हात ठेवली की डबी स्वतःच तापते. मग ती हवेचं सांगत नाही, स्वतःचंच सांगत बसते."

म्हटलं, समजलं. असे लोक निवडणुकीत येतात आमच्याकडं.

मग पोरानं मला पेटी सांगितली. हवामान खात्याची असते तशी. थॉमस स्टीव्हन्सन नावाचा स्कॉटलंडचा इंजिनिअर होता, धंदा दीपगृहं बांधायचा. एकोणिसाव्या शतकात त्यानं ही पेटी केली. पांढरी, चहूबाजूंनी तिरप्या पट्ट्या, म्हणजे वारा आत जाईल आणि ऊन बाहेर राहील. जमिनीपासून चारेक फूट उंच. दार उत्तरेकडं, उघडलं तरी ऊन थेट आत येऊ नये म्हणून. त्याच्याच पोरानं पुढं 'ट्रेझर आयलंड' लिहिलं. बाप हवा मोजते, पोरगा कादंबऱ्या लिहिते. माझ्याकडं उलटं आहे, पोरगा हवा मोजते आणि मी तुमच्यासमोर उभा.

सुताराकडून पेटी करून घेतली. पांढरा रंग मारला. चार पायांवर उभी केली उत्तरेच्या कोपऱ्यात, भाऊच्या भिंतीला लागून. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पेटीसमोर हळद, कुंकू आणि अर्धं नारळ! बोर्ड लावला : "हे देऊळ नाही. आत फक्त तापमान आहे." तर गल्लीतली एक म्हातारी म्हणते, "गुरुजी, मग त्याले सांगा ना जरा कमी व्हाले."

(थांबून) आणि झालं कमी. 44!

भाऊ धावत आले. (भाऊचा आवाज, छाती पिटत) "गुरुजी, काल 53 होतं! नऊ अंश कुठं गेले?"

"भाऊ, ते नव्हतेच."

"नव्हते कसे? मी स्टेटसला टाकले! नागपूरच्या साळ्यानं पाहिले! आता मी त्याला काय सांगू, गुरुजींनी पेटीत टाकले?"

मी समजावलं. म्हटलं, भाऊ, आकड्याच्या नादी लागू नका. 2024 आठवा. 30 मे. नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवलं. छप्पन्न! जगाचा विक्रम 56.7, तोही 1913 सालचा, अमेरिकेच्या डेथ व्हॅलीचा. नागपूर सात दशांशानं हुकलं! मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. नागपूरचे लोक हळहळले. सेन्सरसाठी नाही जी, विक्रमासाठी.

भाऊ म्हणतात, "पण त्यांचा सेन्सर तरी मोठ्या मनाचा होता. तुमचा पाहा."

आता भाऊचं एक खरं आहे. 44 ला मान नाही. खात्याचा नियम ऐका. सपाट मुलखात उष्णतेची लाट म्हणायची तर किमान 40 पाहिजे. किनाऱ्यावर 37 पुरते. डोंगरावर 30! (बोटं मोजत) तीस! तीस अंशाला आम्ही सकाळी आंघोळीला पाणी तापवतो! आणि नुसतं तेवढंच नाही, नेहमीच्यापेक्षा साडेचार अंश जास्तही पाहिजे. आमच्याकडं मेच्या शेवटी नेहमीचंच 42 च्या पुढं. म्हणजे 44 ला सरकारी भाषेत काय म्हणतात? काहीच नाही म्हणत! आम्ही भाजून राहिलो, पण नेहमीसारखे भाजून राहिलो. सरळ 45 गाठलं, तरच लाट. एका अंशासाठी आमची लाट हुकते!

(खुर्चीवर बसतात. यंत्र मांडीवर.)

बरं, बाहेरचा आकडा पाहून झाला. आतला कोणी पाहतच नाही. पहिल्यांदा पाहिला आमच्या घरच्या बाईनं. रात्री दोनला मला हलवलं.

"अवो, उठा. बाहेर 31, आत 36."

"असं कसं? घर तर आपल्याला वाचवाले बांधलं."

"स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री आपल्या अंगावर ओतते. कर्ज काढून कवेलूचं घर पाडलं ना तुम्ही? घ्या आता. हप्ता बँकेत, भट्टी घरात."

मी आकडे जुळवून नियम काढला : बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली आला की खिडक्या उघडा, वर गेला की बंद करा. शास्त्रीय नियम. फळ्यावर लिहून ठेवला. आईला वाचून दाखवाले अंगणात गेलो, तर आई खाटेवर घोरत होती. संध्याकाळपासून.

पण खरा आकडा पुढंच आला जी. एका दुपारी टेबलावर यंत्र नाही. शोधतो तर स्वयंपाकघरात, पोळपाटाच्या बाजूला. घरची पोळ्या लाटून राहिली. कूलरची हवा बैठकीतून तिथपर्यंत पोचत नाही. पंखा लावला तर गॅसची ज्योत विझते, म्हणून पंखा बंद. तवा धगधग. कपाळावरचा घाम दंडाला पुसते, लाटते, टाकते, पलटते. एक शब्द बोलली नाही. पिठाच्या बोटानं यंत्राचं तोंड माझ्याकडं फिरवलं.

बाहेर 44. आत 47.

(उठून उभे राहतात.) नागपूरनं 47.9 ला पेपर छापला. आमच्या घरी रोज अकरा ते एक 47 होते आणि आम्ही ताटावर बसून विचारतो, "पोळी गरम नाही का?"

मी म्हटलं, "आजपासून दुपारी पोळी नको. नुसता भात कर."

माझ्याकडं पाहून म्हणते, "भात काय उन्हात शिजते?"

(प्रेक्षकांतल्या पुरुषांकडे) हसू नका. घरी जाऊन आपापला आकडा पाहा. आता आमच्याकडं कुकर सकाळी सहाला लागते, मी लावतो. शिट्ट्या तीन. याचं स्टेटस कोणी टाकत नाही.

(पुन्हा जोमात) पण भाऊ काही स्वस्थ बसणारे नाहीत! त्यांनी तेच यंत्र आणलं. त्याच दुकानातून, त्याच डबीतलं. सरळ टिनाच्या शेडवर टांगलं, 54 काढलं, साळ्याला पाठवलं, तेव्हा कुठं जेवले. साळ्याचा जवाब आला : "यंत्र खरं कशावरून? थंडीत टाकून पाहा." भाऊंनी डबी ठेवली फ्रीजमध्ये. आणि भाऊचा फ्रीज कुठं आहे? माझ्या बैठकीच्या भिंतीमागं!

मला यातलं काही माहीत नाही. मी इथं बसलो. यंत्र पाहून राहिलो. 44... 31... 19... (खुर्ची मागे सरकवतात) 9... 4!

नवतपा. दुपारचे दोन. बाहेर 4!

घरच्या बाईला हाक मारली. तिनं पाहिलं. आईनं विचारलं, "किती म्हणते?" म्हटलं, "चार!" आई म्हणते, "मंग माही गोधडी दे." म्हटलं, आई, तुला घाम येऊन राहिला ना! तर म्हणते, "मले का समजते? यंत्र त तुहं शिकलेलं हाये."

तेवढ्यात कंपाउंडवरून भाऊ ओरडले.

(भाऊचा आवाज, फाटलेला) "गुरुजी! लवकर या! फ्रीजमध्ये 44 अंश!"

(दोन्ही हात पसरून) माझ्या अंगणात हिमालय आणि भाऊच्या फ्रीजमध्ये भंडारा! मिस्त्री आधीच आला होता, त्यानं फ्रीज मागून उघडून ठेवला होता, "गॅस गेली" म्हणाला होता, पैसेही सांगून झाले होते. दूध तर बर्फासारखं थंड! मिस्त्री म्हणते, "दूध आतून तापलं असंन."

पोराला फोन लावला. पोरगा हसून हसून पडला. "बाबा, दोन्ही डब्या एकाच चॅनलवर आहेत. भाऊकाकांची डबी तुमच्याशी बोलून राहिली, तुमची पेटीतली त्यांच्याशी. सेलच्या झाकणाखाली बटण आहे. 1, 2, 3. एकानं 1 ठेवा, दुसऱ्यानं 2."

सोपं आहे ना? (दम घेऊन) नाही जी. एक नंबर कोणाचा?

भाऊ म्हणाले, "54 माझं, एक नंबर माझा." मी म्हटलं, "यंत्र आधी माझं, पेटी माझी, नारळ माझ्या दारात." भाऊ म्हणाले, "मी या मोहल्ल्यात दोन नंबर राहणार नाही." मी म्हटलं, "मग मी राहीन का?" मोहल्ला बसला. चहा झाला. शेवटी वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला : इज्जत दोघांचीही राहावी. एक कोणालाच नको, दोन कोणालाच नको.

दोघांनीही 3 लावलं!

(भाऊचा आवाज, लांबून आल्यासारखा : "गुरुजी! फ्रीज!")

(गुरुजी यंत्र डोळ्यांजवळ नेतात. चेहरा उजळतो. यंत्र उंच धरून प्रेक्षकांना दाखवतात.)

चार! नवतप्यात, भंडाऱ्यात, चार! लिहा पेपरवाल्यांनो, पहिल्या ओळीत लिहा! आता हा विक्रम नागपूरनं मोडून दाखवावा!

(पडदा)