धारवाड येण्याआधी फोन गाडीला जोडण्याचा विधी

हुबळी ते धारवाड अंतर सुमारे 20 किलोमीटर, रस्ता सरळ. या रस्त्यावर नकाशा फक्त नव्या गाडीच्या मालकालाच लागतो. हा विधी त्याच्यासाठी.

आधी गाडी कडेला घ्यावी. शेजारच्या स्वतंत्र लेनमधून चिगरी बसेस सुसाट जातील. तिकडे बघू नये, मन विचलित होतं.

मग केबलची झडती. 'फोन चार्ज होतोय की!' हा पुरावा ग्राह्य नाही. साध्या यूएसबी केबलीत चार तारा लागतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. चन्नम्मा सर्कलला घासाघीस करून घेतलेल्या केबलीत डेटाच्या दोन नसतीलच, तर फोन तुडुंब चार्ज होईल आणि गाडीचा पडदा काळाच राहील. गाडीतली खाचही कधीकधी नुसती चार्जिंगची असते, ती बदलून पाहावी. फोनच्या भोकात खिशातला कचरा अडकला असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकनं काढावा. वहिनी पुढे करतील ती सेफ्टी पिन नम्रपणे नाकारावी.

बिनतारी जोडणीत ब्लूटूथ हा नुसता मध्यस्थ. एकदा ओळख करून दिली की पुढचा संसार वाय-फायचा. तेव्हा वाय-फाय चालू आणि बॅटरी सेव्हर बंद हवा. एवढ्यानं भागलं नाही तर जुनी जोडणी फोनमधूनही पुसावी आणि गाडीतूनही. एकाच बाजूनं पुसून चालत नाही. तोवर आकाशवाणी धारवाड लावायला हरकत नाही. ती 1950 पासून पेअरिंगशिवाय लागते.

सर्वांत मोठा धोका मागच्या सीटवरचा. आपला फोन न ओळखणारी गाडी वहिनींचा फोन आपणहून ओळखते, आणि उणकल तळ्यापाशी त्यांच्या बहिणीचा आवाज चारी स्पीकरांतून येतो: "भाऊजी ऐकत नाहीत ना गं?" म्हणून निघण्यापूर्वी इतरांचे ब्लूटूथ बंद करवून घ्यावेत. कारण सांगू नये.

जोडणी झाल्याची खूण गाण्यानं तपासावी. नवनगरपर्यंत हुबळीच्या गंगूबाई, पुढे धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर. उलटं लावल्यास दोन्ही गावं रागावतात. सम येणार तेवढ्यात नकाशातली बाई "तीनशे मीटरवर सरळ जा" म्हणेल. तिचा आवाज नकाशाच्याच सेटिंगमध्ये बंद होतो. तो बंद करूनही धारवाड येतंच.

पेढ्यांसाठी लाइन बझारला थांबल्यावर फोन गाडीतच ठेवावा. खिशात घालून उतरलात की जोडणी तुटली, विधी पहिल्यापासून. पेढ्यांचे पैसे मात्र फोनवरूनच द्यायचे असतात. यावर तोडगा अजून सापडलेला नाही.