मानमोडीला लस, बर्ड फ्लूला खड्डा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, खेर्डा जिरापुरे गावी, २०२५च्या फेब्रुवारीत एका पोल्ट्रीवरच्या ६,८३१ कोंबड्या मेल्या. २० ते २५ तारखेच्या आत. २७ला अहवाल आला: बर्ड फ्लू. पुढचं आता सगळ्यांना पाठ आहे. एक किलोमीटरच्या आतले उरलेले पक्षी मारा, खड्डा खणा, पुरा, शेड निर्जंतुक करा. २००६ साली नवापूरला हेच केलं होतं. एकोणीस वर्षांत खड्ड्याची जागा तेवढी बदलली.

सरकारी भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. या रोगात अहवाल हाती येईपर्यंत शेड रिकामं होतं. मग पोल्ट्रीवाल्याच्या हाती उरतं काय? पिल्लांची आणि खाद्याची उधारी.

कोंबड्यांच्या इतर रोगांवर लस आहे: मानमोडीला आहे, गंबोरोला आहे, देवीला आहे. एच९एन२ या सौम्य फ्लूची लस भोपाळच्या प्रयोगशाळेने देशातच तयार केली. जीवघेण्या बर्ड फ्लूवरची, म्हणजे एच५एन१वरची लस मात्र भारतात कोंबडीला देता येत नाही.

अशी लस बनते कशी? पुण्यात बनलेली कोविशील्ड आपण दंडावर घेतली. तिच्यात चिंपांझीचा एक विषाणू निरुपद्रवी करून त्याच्याकरवी कोरोनाचा एक जनुक शरीरात पोचवला होता. कोंबडीसाठी हे हमालीचं काम टर्कीचा हर्पिस विषाणू करतो. कोंबडीला तो बाधत नाही. कोंबड्यांच्या मरेक्स या रोगावरची लस म्हणून तो कित्येक दशकं टोचला जातो आहे. त्याच्यात बर्ड फ्लूच्या विषाणूचा एच५ जनुक घातला की हॅचरीतच एक दिवसाच्या पिल्लाला टोचता येतो. इजिप्तमध्ये अशी लस वापरात आहे.

‘लस दिली की रोग लपतो, निर्यात बुडते’, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. या लसीत बर्ड फ्लूच्या विषाणूचं एकच बाहेरचं प्रथिन असतं. रक्तात आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर लागण खरी. म्हणजे लस दिलेली कोंबडी आणि आजारी कोंबडी वेगळी ओळखता येते. त्यासाठी रक्ताचे नमुने नियमित तपासावे लागतील, विषाणू बदलला तर लसही बदलावी लागेल. हे काम आहे, अडचण नव्हे.

लसीचं संरक्षण उभं राहायला काही आठवडे लागतात आणि ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकला जातो. म्हणून सुरुवात वर्षभराहून जास्त जगणाऱ्या अंड्यांच्या कोंबड्यांपासून करा. ब्रॉयलरच्या भागात रोगाचा भार त्यानेही हलका होईल.

एप्रिल २०२५मध्ये केंद्राच्या बैठकीत बर्ड फ्लूच्या लसीवर चर्चा झाली. चर्चेने पिल्लू वाचत नाही. चाचणी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या महिन्यात, एवढं सांगा. आणि तोवर मेलेल्या कोंबडीलाही भरपाईच्या कागदावर जागा द्या.