नोंद नाही, म्हणजे नाहीच!

दरवर्षी जूनमध्ये भंडारा-गोंदियाकडची पक्षीवेडी मंडळी भल्या पहाटे बांध्यांत आणि तलावाकाठी दबा धरून बसतात आणि सारस मोजतात. भंडाऱ्यात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. तरी मोजायचेच! त्यातून काय झाले? सारस घटल्याचे कळले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. मोजलेच नसते, तर साऱ्यांचीच झोप शाबूत राहिली असती.

हे शहाणपण दिल्लीला मात्र पुरते उमगले आहे. दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजात साधारण सात वर्षांच्या मुलीचा खतना करतात, म्हणजे तिच्या जननांगाला ब्लेड लावतात. मासूमा रानालवी यांनी स्वतःची हकीकत जाहीरपणे सांगितली आहे: खाऊ घेऊन देते म्हणत आजी त्यांना मुंबईच्या बोहरी मोहल्ल्यातल्या एका जुनाट इमारतीत घेऊन गेली. आता नातीला आजीने खाऊच्या नावाखाली कुठे नेले, याची नोंद कोणते पोलीस ठाणे ठेवणार?

मे 2017 मध्ये महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या, समाजाने ही प्रथा आपणहून सोडली नाही तर कायदा करू. डिसेंबरमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयाला कळवले, की असे काही भारतात घडते हे दाखवणारी अधिकृत आकडेवारी वा अभ्यास नाही. सात महिन्यांत एवढी जुनी प्रथा कागदावरून नाहीशी! कोणत्या समाजसुधारकाला हे जमले असते? शिवाय व्यवस्था बिनतोड आहे. स्वतंत्र कायदा नाही म्हणून गुन्ह्यांच्या तक्त्यात रकाना नाही, रकाना नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडाच नाही तर कायदा हवा कशाला?

2018 मध्ये काही संशोधक स्त्रियांनी बोहरा कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. त्या कुटुंबांतल्या सात वर्षे वा त्याहून मोठ्या मुलींपैकी 75 टक्के मुलींचा खतना झाल्याचे निघाले. पण हा अभ्यास सरकारी कुठे आहे? त्याच वर्षी महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात या प्रथेविरुद्ध बाजू मांडली आणि सप्टेंबरमध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले. ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये, याच समाजातल्या एका खटल्यात, नुसती चीर देणे हाही गुन्हाच ठरवला. आपण इतके उतावीळ नाही.

भंडाऱ्यात हे घडते, असा आरोप मी मुळीच करत नाही. आरोपाला आकडा लागतो, आणि आकड्याला कोणीतरी विचारावे लागते. इथल्या बहुसंख्य मुस्लिम घरांत या प्रथेचे नावही ठाऊक नसेल. दवाखान्यात आणि शाळेतही कोणी विचारत नाही. म्हणजे सारे कसे शांत आहे.

तेव्हा कायद्याचा हट्ट कृपया कोणी धरू नये. कायदा आला की रकाना येईल, रकाना आला की आकडा येईल, आणि आकडा आला की त्यामागे सात वर्षांची एक मुलगी आहे, हे सरकारला मान्य करावे लागेल.